तीन ठक, एक बोकड आणि सोलापुरात करायचा एक सिनेमा

पार्कचौक | शनिवार, रात्री ११:२०

मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही पाच जण, सगळे सोलापूरचे. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी, हुतात्मा स्मृती मंदिरातले प्रयोग आणि नंतर मध्यरात्री सात रस्त्यावर चहा, यातच वाढलो. आता एक सिनेमा करायचं ठरवलंय. सगळ्यांचे मिळून साडेचार लाख जमलेत. कोणाचं कर्ज नाही, कोणाचं काही गहाण नाही.

गोष्ट ठकांची आहे. सध्याचं नाव 'चार भामटे'. चौघं मिळून काम करतात. एक तोतया पोलीस. एक गिऱ्हाईक बनून उभा राहणारा. एक बाई, ती फक्त "अहो, माझंही तस्संच झालं" एवढंच म्हणते. आणि एक म्हातारा, तो कधी समोर येत नाही, पण कोणी कधी काय बोलायचं ते तोच बसवून देतो. हे चौघं नवी पेठेतल्या एका चादरीच्या दुकानदाराला गंडा घालतात आणि शेवटी एकमेकांनाही.

हे डोक्यात आलं ते 'नाइन क्वीन्स' बघून. अर्जेंटिनाचा सिनेमा, २००० सालचा. ब्युनोस आयर्समध्ये दोन ठक एकमेकांना भेटतात आणि जुन्या जर्मन पोस्टाच्या तिकिटांचा बनावट संच विकायचा डाव मांडतात. जवळजवळ सगळी गोष्ट एका दिवसात घडते आणि नुसत्या बोलण्यावर चालते. आम्ही तो तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा आवाज बंद करून, फक्त कोण कोणाकडे कधी बघतो ते बघायला.

तर प्रश्न. संहितेचं वाचन झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी बहीण चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "तो दुकानदार दुसऱ्या दिवशी काय करतो रे?" मला उत्तर देता आलं नाही. तीन आठवडे झाले, अजून देता आलेलं नाही.

ठकांच्या सिनेमात फसलेल्या माणसाला किती जागा द्यावी? आणि साडेचार लाखांत हे सगळं बसेल का? मनापासून सांगा.

---

मधला_मारुती | शनिवार, रात्री ११:३१

पाच जणांकडून साडेचार लाख गोळा केलेस म्हणजे ठकाचं काम तुलाच दिलं पाहिजे बे! लई भारी बातमी. पुढं वाचायलोय.

---

रीळवाला | रविवार, सकाळी ७:१२

बजेटची काळजी करू नका. ख्रिस्तोफर नोलनचा पहिला सिनेमा 'फॉलोइंग' (१९९८) साधारण सहा हजार डॉलरमध्ये झाला. सगळे नोकरी करणारे, म्हणून शूटिंग शनिवारी-रविवारी. ते वर्षभर चाललं. फिल्म १६ मिमी, कृष्णधवल. फिल्म महाग, म्हणून आधी नाटकासारख्या कसून तालमी आणि मग एक-दोन टेकमध्ये सीन खिशात. खिडकीतून येईल तो उजेड. त्यातही एक गोडबोल्या दुसऱ्याला हळूहळू जाळ्यात ओढतो. सत्तर मिनिटांत सिनेमा संपतो आणि कुठेही गरिबी दिसत नाही.

दरोड्याच्या सिनेमाला तिजोरी लागते, गाड्या लागतात, फोडायला काचा लागतात. ठकाला फक्त समोरचा माणूस लागतो. तुम्ही नाटकवाले आहात, तालमीची सवय आहे. ही तुमची खरी पुंजी.

'नाइन क्वीन्स'चा दिग्दर्शक फाबियान बिएलिन्स्की कित्येक वर्षं दुसऱ्यांकडे सहायक होता. पटकथा स्पर्धेत जिंकली तेव्हा कुठे त्याला हा सिनेमा करायला मिळाला, तोही चाळिशी ओलांडल्यावर. पुढे आणखी एकच सिनेमा केला आणि २००६ मध्ये गेला, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. दोनच सिनेमे, पण त्यातला पहिला आज आपण सोलापुरात बसून तीन-तीनदा बघतोय.

तुमच्या पहिल्या प्रश्नावर माझं मत सरळ आहे. फसलेल्या माणसाला जागा देऊ नका. या प्रकारच्या सिनेमाची मजाच अशी की प्रेक्षक ठकांच्या बाजूने बसतो. मध्येच रडका दुकानदार आणलात की गाडी रुळावरून घसरली.

---

शेंगाचटणी | रविवार, सकाळी ९:४०

मी सिनेमातला माणूस नाही, दुकानदार आहे. पार्कचौक यांनी सांगितलेला सिनेमा काल रात्री लावला आणि पहिल्या पाच मिनिटांत अंगावर काटा आला. तो पोरगा पेट्रोलपंपाच्या दुकानात गल्ल्यावरच्या मुलीला नोटांत गोंधळवतो ना, तसंच माझ्या दुकानात झालंय.

माणूस आला. वीस रुपयांची चटणीची पुडी घेतली, पाचशेची नोट दिली. मी चारशे ऐंशी मोजून त्याच्या हातात ठेवले. "अरे, माझ्याकडं वीस सुट्टे होते की, ते घ्या, पाचशे परत द्या." मी पाचशे दिली. आता तो मोड परत करणार, तेवढ्यात, "काका, राहू द्या, असं करू, या सगळ्याचे मिळून मला हजार करून द्या." बोलता बोलता एक नोट पुढं, दोन मागं. त्यात त्याच्या मागं उभा असलेला दुसरा, "ओ मामा, आटपा की, एसटी चुकायलीय." मला वाटलं मीच उशीर करायलोय. हात आपोआप चालला.

रात्री हिशेबात पाचशे कमी. तीनदा मोजले. चौथ्यांदा मोजताना तो मागचा माणूस आठवला. त्याने काहीच घेतलं नव्हतं. एसटी चुकायलीय म्हणणारा माणूस काहीही न घेता गेला कसा?

तेव्हापासून माझा नियम आहे. घेतलेली नोट गल्ल्यात टाकायची नाही, व्यवहार संपेपर्यंत वर, वजनाखाली. आणि एका वेळी एकच व्यवहार, मागं कितीही गर्दी असू दे.

रीळवाला, पाचशे रुपयांनी मी रडलो नाही. पण त्या रात्री मला स्वतःचाच फार राग आला होता. तो सिनेमात दिसला तर गाडी घसरेल असं मला वाटत नाही.

---

पूर्वभाग | रविवार, सकाळी १०:५५

सोलापुरात ठकाचं पहिलं हत्यार भाषा आहे, हे संहितेत आहे का?

आमच्या भागात घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड, रिक्षात दखनी. दुकानात कोणी आला आणि "बागुन्नारा मामा?" म्हणाला की मामाचा चेहरा उजळतो. "ऊटा आतेन्री?" म्हटलं की अक्कलकोटकडचा माणूस खुर्ची पुढं सरकवतो. माणूस आपल्या बोलीत बोलला की तो कोणाचा तरी कोणी लागतो, असं आपण धरूनच चालतो. तुमच्या तोतया पोलिसाला सरकारी मराठी द्या, गिऱ्हाईक बनणाऱ्याला तेलुगू द्या. दुकानदार विश्वास गिऱ्हाइकावर टाकेल, बघा.

आणि विकायला काय घेताय? चादरच घ्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरून आलेला हलका माल 'सोलापुरी' म्हणून सर्रास खपतो. जुना विणकर चादर हातात घेऊन आधी वजन बघतो, मग उलटी करून नक्षी बघतो. जॅकार्डवर विणलेली नक्षी मागच्या बाजूला उलट्या रंगात उतरते, छापलेली नुसती फिकी पडते. एवढी पारख असलेला माणूस माणसाच्या बाबतीत फसतो, यात तुमचा सिनेमा आहे.

---

कोरडा_ओढा | रविवार, दुपारी १२:०८

'नाइन क्वीन्स'मधली बँकेची गोष्ट कुणी बोलतच नाही! शेवटी ती बँकच बुडते, बाहेर लोकांची झुंबड, आणि हातातल्या चेकचा नुसता कागद होतो. सिनेमा २००० चा. डिसेंबर २००१ मध्ये अर्जेंटिनात सरकारने खरोखरच लोकांच्या खात्यांतून पैसे काढण्यावर मर्यादा घातली. 'कोरालितो' म्हणतात त्याला तिकडे. दिग्दर्शकाला हवेतला वास आधीच लागला होता.

---

मधला_मारुती | रविवार, दुपारी १२:११

अरे काय करायलास बे! मी आज रात्री बघणार होतो!!

---

कोरडा_ओढा | रविवार, दुपारी १२:१५

माफ करा हो. शेवट अजून शिल्लक आहे, तो सांगितलेला नाही. नक्की बघा.

---

आजीची_नात | रविवार, दुपारी २:३०

लिहू की नको असा विचार सकाळपासून करत होते. शेंगाचटणी काकांचं वाचून लिहितेय.

माझी आजी विजापूर रोडला राहते. एके दिवशी सकाळी साडेसातला देवळातून परत येत होती. साध्या कपड्यातल्या एका माणसाने थांबवलं, पाकीट उघडून ओळखपत्रासारखं काहीतरी दाखवलं. "आजी, पुढच्या गल्लीत काल लूटमार झालीय. साहेबांचा हुकूम आहे, अंगावरचे दागिने काढून पिशवीत ठेवा." आजी काही भोळी नाही. ती म्हणाली, घर जवळच आहे, घरीच काढते.

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक पोरगा आला. त्या माणसाने त्यालाही अडवलं, त्याच्यावर खेकसला, "कळत नाही का? काढ ती चेन!" पोरगा घाबरला. चेन काढली, अंगठी काढली, कागदात गुंडाळली, खिशात ठेवली, हात जोडले. आणि आजीकडे बघून म्हणाला, "आजी, मीसुद्धा ठेवली. उगाच कशाला जोखीम?"

आजीने दोन पाटल्या आणि बोरमाळ काढून दिली. त्या माणसाने तिच्यासमोर पुडी बांधली, तिच्या पिशवीत ठेवली. घरी येऊन सोडली तर वर्तमानपत्राच्या तुकड्यात दोन खडे.

आजीचं वाक्य मला पाठ आहे. "पोलिसाला मी ओळखत नव्हते गं. पण ते पोरगं खरंच घाबरलं होतं."

तिचा विश्वास पोलिसावर बसलाच नव्हता. तो बसला आपल्यासारख्याच अडकलेल्या माणसावर.

आठ दिवस तिने घरात कोणाला सांगितलं नाही. आम्हाला कळलं कसं, तर ती सारखा पदर मनगटावर ओढून घेत होती. भाकरी थापतानासुद्धा. आईने हात धरला तेव्हा ओक्साबोक्शी रडली. पाटल्या तिच्या आईच्या होत्या, पण ती म्हणत राहिली, "तुमचे आजोबा असते तर मला काय म्हणाले असते?"

पोलिसांत तक्रार दिली. माल मिळाला नाही. पूर्वी ती रिक्षावाल्याला विचारायची, बाबा रे, गाव कुठलं, मुलं किती. आता रिक्षात बसली की पिशवी पोटाशी धरते आणि बाहेर बघत राहते.

पार्कचौक, तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा.

---

शेंगाचटणी | रविवार, दुपारी २:५२

ताई, आजींना माझाही नमस्कार. त्यांची काही चूक नाही, हे त्यांना रोज सांगत जा.

---

निवृत्त_गुरुजी | रविवार, सायंकाळी ५:१०

नातीने लिहिलेलं वाचून खूप वेळ काही सुचलं नाही.

पार्कचौक, तुमची गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. पंचतंत्रातल्या 'काकोलूकीय' तंत्रात ब्राह्मण आणि तीन धूर्तांची कथा येते. खांद्यावर बोकड घेऊन चाललेला ब्राह्मण. तिघं वाटेवर अंतराअंतराने उभे राहतात. पहिला म्हणतो, कुत्रा का घेतलाय? पुढचे दोघे वासरू म्हणतात, गाढव म्हणतात. ब्राह्मण घाबरून बोकड टाकून पळतो.

पण 'हितोपदेशा'त हीच कथा आली तेव्हा तिघंही कुत्राच म्हणतात. वर्गात शिकवताना मला हा फरक पुन्हा पुन्हा आठवायचा. तिघांनी तीन प्राणी सांगितले तर माणूस भुताटकीला भिईल. तिघांनी एकच सांगितलं तर तो स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गमावेल. दुसरी फसवणूक जास्त खोल आहे. तुमच्या म्हाताऱ्याने ती बसवली पाहिजे. आजींच्या बाबतीत नेमकं हेच झालं, दुसऱ्याने पहिल्याची री ओढली.

आणखी एक. चाळीस वर्षांत मी ही गोष्ट शेकडो मुलांना सांगितली, दर वेळी वर्ग हसला, मीही हसलो. तो बोकड त्याला दान मिळालेला होता. रिकाम्या खांद्याने तो घरी गेला तेव्हा दारात कोणी काय विचारलं असेल, हे मी एकदाही मुलांना विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं.

---

रीळवाला | रविवार, सायंकाळी ६:२५

नात यांचं वाचून माझी सकाळची भाषा मला खटकली. 'रडका दुकानदार' हा शब्द मागे घेतो.

पण मुद्दा पूर्ण सोडत नाही. आजींचा प्रसंग इतका जबरदस्त आहे तो त्या घाबरलेल्या पोरामुळे. तो पोरगा नट आहे. प्रेक्षकाला त्याची कला दिसली पाहिजे, तिचा मोह पडला पाहिजे, नाहीतर आजी का फसली ते प्रेक्षकाला कधीच कळणार नाही. तो सुरक्षित अंतरावरून म्हणत राहील, "मी नसतो फसलो." म्हणून आधी प्रेक्षकाला ठकांच्या प्रेमात पाडा. मग मनगटावर ओढलेला पदर दाखवा. एकदाच. संवाद नको.

---

होटगी_रोड | रविवार, रात्री ८:०२

सिनेमा आहे, किती ओझं टाकाल त्याच्यावर? 'खोसला का घोसला' (२००६) आठवा. बिल्डर प्लॉट बळकावतो, आणि साधं मध्यमवर्गीय कुटुंब नाटकवाल्यांना हाताशी धरून त्यालाच दुसऱ्याची जमीन विकायला निघतं. तिथे ठकवणारेच फसलेले आहेत! प्रेक्षक मनापासून टाळ्या वाजवतो आणि कोणावर अन्यायही होत नाही. तुम्ही पाचही जण नाटकवाले. दुकानदारालाच तुमच्याकडे येऊ द्या की.

बाय द वे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. फसवणुकीचं कलम आता ३१८, त्यातलं पोटकलम ४ म्हणजे आपलं जुनं ४२०. संवादात घोळ नको.

---

मधला_मारुती | रविवार, रात्री ८:०६

म्हणजे आता "तो एक नंबरचा तीनशे अठरा आहे" म्हणायचं? जमेना बे. चारशेवीस तोंडात बसलंय.

---

कोरडा_ओढा | रविवार, रात्री ८:४४

'एकत्र काम करणारे ठक' यावर खरी घटना सांगतो. १९ मार्च १९८७, मुंबई, ऑपेरा हाउस. एका माणसाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन तरुण मुलं भरती केली, गुप्तचर खात्यात नोकरी म्हणून. बसमध्ये बसवून एका मोठ्या जवाहिऱ्याच्या दुकानावर 'छापा' घालायला नेलं. दागिने गोळा केले आणि स्वतः पसार झाला. तो कधीच सापडला नाही. 'स्पेशल २६' यावरच बेतलेला.

मला त्यातली ती मुलं आठवत राहतात. आपल्याला सरकारी नोकरी लागली या आनंदात ती इमानाने काम करत होती. टोळीतले बहुतेक जण प्रामाणिक होते! दुकानदाराइतकीच तीही फसली. पार्कचौक, तुमच्या चौघांतली ती बाई खरंच सामील आहे, की तिलाही काही वेगळंच सांगून उभं केलंय?

---

पार्कचौक | रविवार, रात्री ९:३०

कोरडा_ओढा, हे आम्हाला सुचलंच नव्हतं. रात्री चौघांना फोन केला, सगळे गप्प झाले. ती बाई कुठल्या तरी जाहिरातीचं शूटिंग समजून उभी राहते, असं करून बघतो.

होटगी_रोड, सूड घेणारा दुकानदार आम्ही आधी लिहिला होता. खोटा वाटला. आमच्या ओळखीत जे फसले त्यातल्या एकानेही सूड घेतला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

---

हजेरी | रविवार, रात्री १०:१८

बराच वेळ वाचतोय. एक गोष्ट बोलायची आहे आणि ती रागाने नाही.

सिनेमाचं नाव 'चार भामटे' ठेवू नका.

१८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. भामटा हे त्यातल्या एका समाजाचं नाव आहे, आजही सरकारी यादीत आहे. तुम्ही सगळे तो शब्द 'लबाड' या अर्थाने वापरता, वर्तमानपत्रंही वापरतात, "भामट्यांनी लुटले". त्या समाजातली पोरं रोज सकाळी ते वाचून शाळेत जातात.

आमचं घराणं सोलापूरच्या सेटलमेंटमधलं, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवायच्या वसाहतीतलं. तारेचं कुंपण, दिवसा गिरणीत काम, वेळेवर हजेरी, बाहेर जायचं तर पास. माझे पणजोबा गिरणीत धोटा चालवायचे. आयुष्यात कुणाची सुई उचलली नाही, तरी रोज पोलिसापुढे उभं राहून 'मी आहे' म्हणायचे. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. आमची आजी पंधरा ऑगस्टला झेंड्याला जायची, पण लाडू करायची ते ३१ ऑगस्टला.

शहरात कुठं गंडा घातला गेला की अजूनही पहिली नजर आमच्या वस्तीकडं वळते. आणि आजीची_नात यांच्या आजीला लुटणारा तो पोरगा तर आपल्यासारखाच वाटला, म्हणूनच तर त्यांनी विश्वास टाकला. ठक व्हायला जात लागत नाही, इस्त्रीचा शर्ट लागतो.

तुमच्या चार पात्रांना आडनावं देताना एवढं डोक्यात असू द्या.

---

निवृत्त_गुरुजी | रविवार, रात्री १०:४०

हजेरी, तो शब्द मी वर्गात कितीदा वापरला असेन याची गणती नाही. इथून पुढे वापरणार नाही.

---

पार्कचौक | रविवार, रात्री १०:४७

नाव बदललं. आत्ताच. तुमचे मनापासून आभार. आडनावं आम्ही खरंच 'कशी वाटतात' यावरून दिली होती. सगळी पुन्हा बघतो. तुमची हरकत नसेल तर पुढचं वाचन होईल तेव्हा तुम्ही या.

---

हजेरी | रविवार, रात्री १०:५३

येतो की. पणजोबांचा धोटा अजून घरात आहे, चादरीच्या दुकानात मांडायला लागला तर घेऊन येतो. सांभाळून परत द्यायचा मात्र.

---

बूम_माईक | सोमवार, सकाळी ६:५०

कामाचं बोलतो, कारण पैशांचा प्रश्न मागे पडलाय. मी शूटिंगवर ध्वनी घेतो.

चित्र कशावरही घ्या, आजकाल चांगले फोनही चालतात. आवाजावर मात्र हात आखडू नका. ठकांच्या सिनेमात प्रेक्षक प्रत्येक शब्द कान देऊन ऐकतो, कोण कुठं अडखळला ते टिपतो. एक शब्द घरंगळला तर अख्खा डाव कळत नाही. दोन लेपल (कपड्याला लावायचे छोटे माईक), एक बूम (दांडीवरचा माईक) आणि तो हातात धरणारा जाणता माणूस, एवढं साडेचार लाखांत बसवाच.

दुकानामागं यंत्रमाग असेल तर संवाद मागाच्या सुट्टीच्या दिवशी घ्या. खटखट वेगळी रेकॉर्ड करून नंतर खाली घाला. उलट केलंत तर डबिंगच्या खर्चात बुडाल. ती खटखट अचानक थांबते तेव्हा काय शांतता पडते हे सोलापूरकराला सांगायला नको. ती शांतता जपून एकदाच वापरा.

सोलापूरचं ऊन पांढरंफटक. सकाळी सहा ते साडेनऊ आणि दुपारी चारनंतरच बाहेर पडा. मधल्या वेळात दुकानाच्या आतले सीन, शटर अर्धं ओढून. रेल्वे स्टेशन नको, परवानगी आणि शुल्क यातच पैसे जातील. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या गर्दीचाही मोह टाळा. पाच जणांची टीम, लाखाची गर्दी, कोणाचा माईक कुठं जाईल सांगता येत नाही.

---

पूर्वभाग | सोमवार, सकाळी ८:१५

गड्ड्यावरून आठवलं. लहानपणी होम मैदानावर तीन पानांचा खेळ बघितला होता. पानं फिरवणारा एक आणि सारखा जिंकणारा एक. मी वडिलांना म्हटलं, तो बघा किती जिंकतोय, आपणही लावू. वडील म्हणाले, "थांब, तो घरी कुणाबरोबर जातो ते बघू." आम्ही दोघं शेंगा खात तासभर उभे राहिलो. खेळ आवरला तेव्हा जिंकणाऱ्यानेच सतरंजी गुंडाळली.

---

रीळवाला | सोमवार, सकाळी ८:३२

पूर्वभाग, जिंकणाऱ्यानेच सतरंजी गुंडाळली! पार्कचौक, हा शॉट मागून घ्या त्यांच्याकडून.

---

होटगी_रोड | सोमवार, सकाळी ११:२०

मी अजूनही म्हणतो, शेवट हलका ठेवा. पण आजींचा प्रसंग डोक्यातून गेलेला नाही हे खरं. 'नाइन क्वीन्स'मध्ये एक ठक बिल्डिंगच्या खालून घराघराची बेल दाबतो, "आत्या, मी बोलतोय!" कोणीतरी म्हातारी आपल्या भाच्याचं नाव घेते, की झाला हा भाचा, गाडी बंद पडली म्हणून पैसे मागायला मोकळा. काल त्या सीनला मी हसलो होतो. आज सकाळी आईला फोन केला. म्हटलं, "ओळखलं का?" असं विचारणारा फोन आला तर आपण नाव घ्यायचं नाही, समोरच्याला सांगायला लावायचं. आणि पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, त्याच मिनिटाला १९३०, सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर, लावायचा. आईने नंबर कॅलेंडरवर लिहून घेतला.

---

पार्कचौक | सोमवार, रात्री ११:०५

आज पाचही जण बसलो होतो. हा धागा बहिणीने मोठ्याने वाचला, आम्ही ऐकला.

नवीन नाव 'सुट्टे'. शेंगाचटणी काकांमुळे सुचलं.

आता शेवट असा. चौघं एकमेकांना फसवून पांगतात, तिथे संहिता आधी संपत होती. आता त्यानंतर तीन मिनिटं आहेत. सकाळ. दुकानदार शटर वर करतो, पाणी शिंपडतो, उदबत्ती लावतो. काल विस्कटलेल्या चादरी एकेक करून घडी घालतो. मागे खटखट. पहिलं गिऱ्हाईक येतं, म्हातारे गृहस्थ, नातवाला घेऊन. चादर पसंत करतात, पाचशेच्या नोटा देतात. दुकानदार नोट उजेडाकडे धरतो. धरूनच ठेवतो. खटखट थांबते. ते गृहस्थ एवढंच विचारतात, "काय झालं मामा, मी रोजचा आहे की." तो त्यांच्याकडे बघतो आणि नोट पुन्हा उजेडाकडे धरतो.

बहीण काही बोलली नाही. नोटेचा तो भाग तिने दोनदा वाचून घेतला.

आता फक्त दुकान मिळायचं आहे. नवी पेठेत विचारलं, भाडं परवडत नाही.

---

शेंगाचटणी | सोमवार, रात्री ११:१९

माझं दुकान चटणीचं आहे, पण मेहुण्याचं चादरीचं आहे. लहान आहे, जुनं लाकडी कपाट आहे, समोरून सकाळचं ऊन येतं. रविवारी बंद असतं. भाडं नको, मी बोललोय त्याच्याशी. फक्त चादरी परत घडी घालून द्यायच्या, कडेला कड लावून.

---

पार्कचौक | सोमवार, रात्री ११:२१

काका, रविवारी सकाळी पावणेसहाला दारात उभे असू. घडी कशी घालायची ते आधी शिकवा.